गावच्या महिला मंडळाचा इतिहास लिहायचाय? मग आधी पातेली बघा

तर झालं असं की आमच्या मंडळाला चाळीसच्या वर वर्षं झाली, म्हणून कुणीतरी हळदीकुंकवाला विषय काढला की एक पुस्तिका काढूया, आणि मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं, का तर मला मोबाईलवर मराठी टाईप करता येतं. एवढीच पात्रता. मी या गावची सून, २००४ ला आले, म्हणजे मंडळाची निम्मीअधिक वर्षं माझ्या येण्याआधीच होऊन गेलेली. मला वाटलं पंधरा दिवसांचं काम आहे, जुना अहवाल काढायचा, चार फोटो, अध्यक्षांचं मनोगत, की झालं. दीड वर्ष लागलं बाई. आता शेजारच्या दोन गावांतून फोन येतात की तुम्ही कसं केलं, आणि दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, अहवाल सध्या कपाटातच राहू द्या. अहवाल खोटा असतो असं नाही, पण तो कुणाला तरी दाखवायला लिहिलेला असतो, त्यात प्रत्येक कार्यक्रम "उत्साहात संपन्न" झालेला असतो आणि प्रत्येक पाहुण्याने "मोलाचे मार्गदर्शन" केलेलं असतं. आमच्या एका अहवालात नऊ पानांत पाहुण्यांची नावं सतरा आणि मंडळातल्या बायकांची तीन. त्यावरून इतिहास लिहिला तर तो पाहुण्यांचा होईल.

वस्तूंपासून सुरू करा

आमच्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मंडळाची भांडी आहेत, लग्नकार्याला भाड्याने द्यायची. त्यात जर्मनची चार मोठी पातेली, काळी पडलेली, पोचे आलेली. आम्ही ती कितीदा वापरली असतील पण कधी नीट बघितली नव्हती. मी काठाखाली हात फिरवला तर अक्षरं लागली. मग एक युक्ती केली, थोडं तांदळाचं पीठ घेऊन त्या जागेवर चोळलं आणि वरचं फडक्याने हलकं पुसलं, की पीठ खाचेत बसून राहतं आणि अक्षरं पांढरी उठून दिसतात. (रांगोळीने पण होतं पण ती चरचरते, पीठच घ्या.) तर तिथे लिहिलेलं, "महिला मंडळ, १९७९".

आता मजा बघा. मंडळाच्या नोंदणीचं सर्टिफिकेट आहे १९८४ चं, आणि आजपर्यंत सगळे १९८४ लाच स्थापना धरत होते, भाषणात, बॅनरवर, सगळीकडे. पण पातेलं पाच वर्षं जुनं. म्हणजे कागद व्हायच्या पाच वर्षं आधी बायका एकत्र येऊन, पैसे जमवून, तालुक्याच्या बाजारातून पातेली घेऊन, दुकानदाराकडून नाव घालून आणत होत्या. मग मी विचारत सुटले की पैसे कुठून आले, तेव्हा कळलं की घरटी पायलीभर ज्वारी गोळा केली होती, ती विकली, आणि कमी पडले ते एका आत्याने कोंबड्या विकून घातले. भाडं होतं पातेल्याला २ रुपये, पोचा पाडला तर ५. ज्याच्या घरी मयत असेल त्याला भाडं नाही. हा नियम आजपण आहे, फक्त कधी ठरला ते कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून सांगते, आधी घरोघरी आणि समाजमंदिरात जाऊन वस्तू शोधा. सतरंजीच्या कोपऱ्यात रंगाने लिहिलेलं नाव, भजनाच्या पेटीवर, बालवाडीच्या घंटेवर, देवळातल्या फरशीवर देणगीदार म्हणून, इमारतीच्या कोनशिलेवर, योजनेतून आलेल्या शिलाई मशीनच्या पत्र्याच्या पाटीवर. प्रत्येकाचा फोटो काढताना बाजूला पट्टी नाहीतर रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो, आणि फोटो बाजूने उजेड पडेल असा काढा, समोरून फ्लॅश मारला की कोरलेलं काहीच दिसत नाही. जुन्या फोटोंचं म्हणाल तर आधी मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का असतो, कधीकधी पेनाने तारीख. फ्रेममधले फोटो पण मागून उघडून बघा, आम्हाला एका फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिकाच सापडली, जाडी भरायला घातलेली.

वह्या वाचायच्या कशा

प्रोसिडिंग बुक (मीटिंगच्या नोंदींची वही), हप्त्याच्या वह्या, पासबुकं, पावतीपुस्तकं. हे सगळं एका जागी मिळेल ही आशा सोडा. जी बाई सचिव होती तिच्याकडे तिच्या काळातलं, आणि तिची सून चांगली असेल तर, नाहीतर रद्दीत. वही मागायला जाताना वही घरी नेऊ नका, तिथेच ओट्यावर बसून पान न पान मोबाईलने काढा, सकाळी नऊच्या आसपासचा उजेड चांगला, थेट ऊन नको. न्यावीच लागली तर चिठ्ठी लिहून द्या की अमुक वही नेली, अमुक तारखेला परत देईन, आणि त्याच तारखेला द्या. एक वही उशिरा दिली तर पुढच्या चार घरांत कुणी वही दाखवणार नाही, गाव आहे ते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून कागद पण खाते, आणि लॅमिनेशन परत काढता येत नाही. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. वाळवी जमिनीतून आणि भिंतीवरूनच येते.

आता वाचायचं काय. ठराव वाचा, पण त्यापेक्षा बारकाईने दंडाचा कॉलम वाचा. माझ्या हाताला १९९६ ची एक वही लागली, महिना २० रुपये हप्ता, दर महिन्याच्या १० तारखेला मीटिंग, गैरहजर असेल तर २ रुपये दंड. त्यात पाच बायकांच्या नावापुढे कार्तिकापासून ओळीने "गैर. दंड २", "गैर. दंड २", असं थेट शिमग्यापर्यंत. मला वाटलं या आळशी असतील, नाहीतर भांडण झालं असेल. विचारलं तर एक मावशी हसायला लागल्या, म्हणाल्या, "आगं त्या कारखान्यावर व्हत्या की, उसाला." म्हणजे दरवर्षी दिवाळीनंतर कोयते घेऊन टोळीबरोबर जायच्या आणि परत आल्या की पाच-सहा महिन्यांचा हप्ता आणि वर दंड असं एकदम भरायच्या. पुढच्या वर्षीच्या वहीत दोनच ओळींचा ठराव आहे, "तोडीला गेलेल्यांना दंड नाही. हप्ता आल्यावर." खाली अकरा अंगठे आणि चार सह्या. मला विचाराल तर आमच्या मंडळाचा सगळ्यात मोठा ठराव तो आहे, आणि तो एकाही अहवालात नाही.

अक्षर कुणाचं आहे तेपण बघा. सुरवातीची वही कुणा बाईने लिहिलेली नसण्याचीच शक्यता जास्त, बहुतेक सातवीतला मुलगा नाहीतर गुरुजी नाहीतर ग्रामसेवक. ज्या पानापासून अक्षर बदललंय ते पान महत्त्वाचं, कारण तिथून कुणीतरी बाई लिहायला लागलीये. तसंच अंगठ्याच्या जागी सही कधी आली ते बघा. आमच्याकडे एका आत्यांची सही आधी तीन अक्षरांची, मग पाच, मग पूर्ण नाव, चार वर्षांत. ती पानं आम्ही पुस्तिकेत ओळीने छापली, खाली काही लिहिलं नाही.

मंडळाचं नाव दर दहा वर्षांनी का बदलतं

यात मी तीन महिने अडकले होते. एकाच गावात, जवळजवळ त्याच बायकांच्या, चार वेगवेगळ्या नावांच्या वह्या. मला वाटलं चार संस्था. तसं नव्हतं. योजना बदलली की नवीन नाव, नवीन शिक्का, नवीन खातं, बायका त्याच. म्हणून सरकारी योजनांचा क्रम एकदा डोक्यात बसवून घ्या, मग वह्या आपोआप लागतात.

सगळ्यात जुनी पिढी म्हणजे सामूहिक विकास योजना, २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झाली, ब्लॉक आले, त्यातून ग्रामसेविका आणि मुख्यसेविका गावोगाव जायला लागल्या, शिवण शिकवायच्या, महिला मंडळ काढायच्या. काही मंडळं कागदावरच राहिली, काही टिकली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, मंडळांचं अनुदान वगैरे मग तिकडून. नंतर १९७२ चा दुष्काळ. त्याचा मंडळाशी काय संबंध असं वाटेल, पण रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला वेगवेगळ्या आळीतल्या, वेगवेगळ्या जातीच्या बायका पहिल्यांदा एका रांगेत बसल्या, स्वतःच्या नावाने मजुरी घेतली, आणि आमच्या गावात तरी मंडळातल्या पहिल्या सात-आठ जणींची ओळख तिथलीच. त्याच काळात नगर जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं होतं, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, आणि त्या भागातली महिला मंडळं त्या कामातून उभी राहिली. त्या पट्ट्यातलं गाव असेल तर तुमच्या मंडळाचा धागा दवाखान्यापर्यंत जाईल, पंचायत समितीपर्यंत नाही.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, स्थापन झालं आणि २ ऑक्टोबरला अंगणवाडीची योजना सुरू झाली. अंगणवाडी आली की मंडळाची बालवाडी बहुतेक ठिकाणी बंद पडली किंवा तीच अंगणवाडी झाली, हा सांधा नक्की शोधा, कारण बालवाडीतल्या बाई नंतर अंगणवाडी सेविका झालेल्या असतात आणि त्यांची स्मरणशक्ती जबरदस्त असते, रजिस्टर लिहून लिहून. मग १९८२ च्या सुमारास ड्वाक्रा, म्हणजे गावातल्या बायका-मुलांच्या विकासाची योजना, त्यानंतर दोनेक वर्षांत निर्धूर चुली. जिथे शेतकरी संघटनेचं वारं होतं तिथल्या म्हाताऱ्यांना नोव्हेंबर १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन विचारा, ट्रक भरभरून बायका गेल्या होत्या, कितीजणींनी नवऱ्याशिवाय गाव ओलांडलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

बचत गटाचं म्हणाल तर नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ ला ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग केला तिथून ते देशभर पसरलं, पण राजगुरुनगर भागात सुधा कोठारी यांनी बायकांचे गट त्याच्याही आधी बांधायला घेतले होते. १९९३ ला महिला समृद्धी योजना आली, पोस्टात वर्षाला ३०० रुपये ठेवले तर सरकार ७५ घालायचं, ती पोस्टाची पासबुकं अजून ट्रंकेत सापडतात, बायका टाकत नाहीत. १९९७ ला म्हसवडला चेतना सिन्हांच्या पुढाकाराने माणदेशी महिला बँक. १ एप्रिल १९९९ पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या वेगळ्या काढल्या, म्हणून जुने गट फुटले. तुमच्या वहीत जर १९९९-२००० ला एकदम अर्ध्या बायकांची नावं गायब दिसली तर भांडण समजू नका, यादी समजा. (भांडणही असू शकतं. दोन्ही विचारा.) मग २००० पासून गाडगेबाबा स्वच्छता अभियान, त्यात झाडू बायकांच्या हातात आणि बक्षिसाच्या फोटोत पुरुष, हे आमच्याच गावचं असेल असं मला वाटत नाही. आणि २०११ पासून उमेद, म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, त्यातले गटांचे ग्रामसंघ, प्रभागसंघ, गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताई, हे सगळं आताचं.

तारखा: म्हातारीला साल विचारू नका

साल विचारलं की बाई गप्प होते, आणि मग आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगते. त्यापेक्षा खुंटी शोधा. "तेव्हा थोरला पोटात होता का हातात?" "दुष्काळात सुकडी मिळायची त्याच्या आधी का नंतर?" "इंदिरा गांधी गेल्या तेव्हा मंडळ होतं का?" (३१ ऑक्टोबर १९८४) "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मदत गोळा केली होती का?" तो ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचा, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, हे कुणीच विसरत नाही. टीव्हीवर रामायण लागायचं ते १९८७-८८. सातारा-कोल्हापूरकडे असाल तर कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. नोटाबंदी, करोना तर सगळ्यांना माहीत.

मुलाच्या वयावरून काढायचं तर शाळेचा दाखला मागाल, पण त्यात एक गंमत आहे, जन्मतारीख १ जून असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजाने टाकलेली असते, आमच्या गावात निम्मे कारभारी १ जूनचे. साल पण एखाददुसरं इकडेतिकडे धरा. दोन वेगवेगळ्या खुंट्या एकाच सालावर आल्या तर ते साल लिहा, नाहीतर सरळ "दुष्काळानंतर लगेच" असं लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

बोलायला बसताना

मी पहिल्या मुलाखती समाजमंदिरात घेतल्या, खुर्च्या मांडून, मोबाईल स्टँडला लावून. सगळ्या वाया. सगळ्याजणी अहवालासारखं बोलल्या, "आम्ही महिलांच्या उन्नतीसाठी" वगैरे. मग एकदा एका जिजींकडे दुसऱ्याच कामाला गेले होते, त्या शेंगा फोडत होत्या, मी पण बसले फोडायला, आणि दोन तासांत पहिल्या मीटिंगपासून सगळं बाहेर आलं. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. शेंगा, लसूण, वाती वळणं, गोधडी, काही चालेल. फक्त मिक्सर आणि पंखा बंद, आणि मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका नाहीतर मधेच जावेचा फोन येतो. रेकॉर्डिंग सुरू करताना विचारून करा, आणि सुरवातीलाच तारीख आणि नाव मोठ्याने बोला, नंतर फाईल ओळखताना कळेल मी का सांगत होते.

दोघीजणी बसवा, एकटी नको. शक्यतो जावा, किंवा एकमेकींच्या घरात येणंजाणं असलेल्या. एक बोलते, दुसरी म्हणते "आगं न्हाई, त्या दिवशी तर पाऊस व्हता", की लगेच खरं बाहेर येतं. आणि प्रश्न बारका ठेवा. "तुमचं योगदान सांगा" म्हटलं की संपलं. "पहिल्यांदा कुणाच्या ओसरीवर बसलात? चहा कुणी केला? साखर कुणाची? घरी काय सांगून निघालात?" या शेवटच्या प्रश्नाला मला अकरा उत्तरं मिळाली, त्यातली सात खोटी कारणं होती, म्हणजे बायकांनी घरी सांगितलेली: दळण, देऊळ, डोहाळजेवण, लसीकरण. एकजण तर तीन वर्षं भजनाला जाते म्हणून मंडळात यायची. नवऱ्याला ठाऊक होतं, असं त्या आता म्हणतात.

नावांचा घोळ मात्र फार मोठा आहे आणि याला पहिल्या दिवसापासून वही करा. एकाच बाईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, वहीत "सौ." आणि नवऱ्याचं नाव आडनाव एवढंच, आणि गाव हाक मारतं तिसऱ्याच नावाने, अक्का, नानी, नाहीतर माहेरच्या गावावरून. त्यात जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, म्हणजे वहीतलं नाव त्यांनाच वाचून दाखवून "हे कोण?" विचारलं तर लाजून पदर. मी कॉलम पाडले होते: माहेरचं, सासरचं, हाकेचं, कुणाची सून, कुठली आळी. त्यावरून कळलं की ज्यांना मी तीन वेगळ्या बायका समजत होते त्या एकच, आणि उलटं पण, एकाच नावाच्या दोघी होत्या आणि एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर मोजलं जात होतं, मी नाही हो, वहीतच.

आणि कोण नव्हतं ते विचारा. हे अवघड आहे. मंडळात वस्तीवरच्या बायका कधीपासून आल्या, पातेली त्यांच्या लग्नाला जायची का, पाणी वेगळं होतं का. हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलवायचे का. आमच्याकडे बरीच वर्षं बोलवत नव्हते, मंडळाच्या खजिनदार स्वतः विधवा होत्या तरी, त्या हिशोब लिहायच्या आणि वाण वाटायच्या वेळी उठून घरी जायच्या. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याची बातमी आली तेव्हा आमच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला आणि पुढच्या संक्रांतीला त्या काकूंना पहिलं वाण दिलं. दोन्ही गोष्टी पुस्तिकेत आहेत, पहिली गाळा असं दोघीतिघींचं म्हणणं होतं, काकूच म्हणाल्या राहू दे.

कचेऱ्या

नोंदणी झालेलं मंडळ असेल तर धर्मादाय कार्यालयात त्याची फाईल असते. सर्टिफिकेटवर संस्थेचा नंबर आणि सहसा "एफ" ने सुरू होणारा न्यासाचा नंबर असतो, तो घेऊन जा, नुसतं नाव सांगून काही होत नाही. फाईलमध्ये पहिल्या सात-आठ सदस्यांची यादी, घटना, आणि कार्यकारिणी बदलली की दिलेले चेंज रिपोर्ट. नक्कल मिळते, अर्ज करून. ग्रामपंचायतीत ग्रामसभेचं इतिवृत्त बघा, दारूबंदीचा ठराव, नळ, संडास, कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं. सहज दाखवलं तर ठीक, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवस. मला एका कचेरीत सलग चार वेळा "साहेब मीटिंगला" ऐकायला मिळालं, पाचव्यांदा सासूबाईंना घेऊन गेले, त्या बाकावर बसून जपमाळ ओढायला लागल्या, अर्ध्या तासात फाईल आली. बँकेत जुनं स्टेटमेंट मिळेलच असं नाही, त्यात वेळ घालवू नका.

काय छापायचं नाही

कर्ज कुणी थकवलं ते नाव घालून छापू नका, "दोन सदस्यांचं थकलं, बाकीच्यांनी भरलं" एवढं पुरे. नवऱ्याची मारहाण, मंडळाने मध्ये पडून सोडवलेली भांडणं, हे मंडळाचं खरं काम असतं आणि तेच सांगताना सगळ्यात जास्त जपावं लागतं. ती बाई अजून त्याच घरात राहते. आम्ही अशा पाच गोष्टी नावं, आळी, साल सगळं काढून, एकत्र करून लिहिल्या आणि छापायच्या आधी त्या-त्या बाईला एकटीला वाचून दाखवल्या, एकीने नको म्हटलं, काढली. उभी बाटली-आडवी बाटलीचं, म्हणजे गावातलं दारूचं दुकान ठेवायचं का बंद करायचं याचं, मतदान तुमच्याकडे झालं असेल तर कोणी सही केली आणि कोणी नाही याची यादी पण नको, निकाल आणि तारीख द्या.

दोघी माजी अध्यक्षांचं एकमेकींशी पटत नसेल आणि एकाच प्रसंगाचं दोघी वेगळं सांगत असतील, तर न्यायाधीश होऊ नका, दोन्ही लिहा, शेजारी शेजारी. आमच्याकडे पिठाची गिरणी कुणामुळे बंद पडली याच्या दोन गोष्टी आहेत. दोन्ही छापल्या. दोघी खूश, कारण दोघींना वाटतं वाचणाऱ्याला आपलंच पटेल.

लिहिणं आणि छापणं

चाळीस-पन्नास पानं पुरे. अक्षर मोठं घ्या, चष्मे लागलेल्या वाचणार आहेत. मनोगतं, शुभेच्छा संदेश, साहेबांचे फोटो यांना शेवटी एक पान द्या, आधी नाही, आणि हे सुरवातीलाच मीटिंगमध्ये ठरवून प्रोसिडिंगला लिहून घ्या, नंतर फोन येतात. जितक्या सदस्य होऊन गेल्या त्या सगळ्यांची यादी द्या, गेलेल्यांची पण, माहेरच्या नावासकट. या यादीसाठीच लोक पुस्तिका घेतात. प्रती मोजताना लग्न होऊन गेलेल्या लेकी धरा, आम्ही धरल्या नाहीत आणि शंभर परत छापाव्या लागल्या.

आणि छापायला द्यायच्या आधी सगळं मोठ्याने वाचून दाखवा, मीटिंगला, एका बैठकीत नाही झालं तर तीन बैठकांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याच आयुष्याचं आहे ते. पीडीएफ ग्रुपवर टाकून "काही चूक असल्यास कळवा" म्हणू नका, अंगठा येतो नुसता. आम्ही वाचलं तेव्हा सव्वीस चुका निघाल्या, त्यातल्या वीस माझ्या. विसावी अशी, की मी वाचत होते, "१९७९ साली मंडळाने चार पातेली घेतली", तर मागून जिजी म्हणाल्या, "चार न्हाई, पाच."

मी म्हटलं जिजी, मी मोजलीत, खोलीत चार आहेत, पिठाने चोळून बघितलंय.

"खोलीत चारच हायती. पाचवं तुज्या माळ्यावर हाय. तुज्या सासूनं पोराच्या बारशाला नेलं ते आणलंच न्हाई."

सगळ्या हसल्या, सासूबाई पण, जरा उशिराने. संध्याकाळी शिडी लावून वर चढले. गव्हाच्या कोठीमागे उपडं घातलेलं होतं, त्यात जुन्या गोधड्या. काठाखाली पीठ चोळलं. भाडं किती झालं याचा हिशोब मंडळाने अजून लावलेला नाही, पण पुस्तिकेत पाच केलंय.